पुढच्या स्टॉपवरून परत

तंजावूर, रविवार

प्रिय साईप्रिया,

मघापासून नुसती उठते आहे आणि बसते आहे. पंखा मोठा केला, लहान केला, कॉफी करून आणली ती निवून गेली. खाली मेडिकलवाल्याकडे रविवारचीही गर्दी आहे, टाउन बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवत वळतात, आणि माझ्यासारखी बोलघेवडी बाई चार ओळी लिहिताना अडखळते आहे. तू म्हणशील, अक्का, पत्र कशाला, फोन आहे की. दोनदा फोन हातात घेतला, धीर झाला नाही. परवा कोर्टात तुझी तारीख. तुझी लेक जननी तुझ्याजवळ राहणार की तिच्या वडिलांबरोबर, सतीशकुमारांबरोबर, कोइंबतूरला जाणार, ते ठरवताना न्यायाधीशांपुढे माझा अहवाल असेल. तो मी शुक्रवारी दिला. प्रती दोन्ही वकिलांकडे गेल्या आहेत.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होतीस आणि वकिलानं पढवलेली उत्तरं देत होतीस. तुझं डोकं ठिकाणावर नाही, मुलीला तुझ्यापासून धोका आहे, असं सतीशकुमारांनी अर्जात लिहिलेलं. म्हणून कोर्टानं तुम्हा तिघांना माझ्याकडे तपासणीला पाठवलं. मी नेहमीसारखं तमिळमध्ये समजावलं की मी मानसशास्त्रज्ञ खरी, पण इथं तुझी नाही, कोर्टाची. इथं बोललेलं काहीच गुपित राहत नाही. तू ऐकलंस, सही केलीस. तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला. 'नंतर करते' एवढंच मी मराठीत म्हणाले, आणि फोन ठेवून पाहते तर तुझा चेहराच बदललेला. तुम्ही कुणाच्या घरातल्या, माहेर कुठलं, सुरूच झालीस. तुझे मामा वेंकटराव माझ्या आत्याच्या दूरच्या सोयऱ्यातले निघाले. निघणारच. इथल्या मराठी माणसांत दोन घरं ओलांडली की नातं लागतंच. एवढ्या लांबच्या नात्यानं काही बिघडत नाही, असं मी मनाला सांगितलं आणि तुला मराठीतच उत्तर दिलं.

तिथून पुढे तू पाय वर घेऊन खुर्चीत बसायला लागलीस. मला 'अक्का' म्हणायला लागलीस. एकदा आईच्या हातचं सांबार डब्यातून घेऊन आलीस. तो डबा परत पाठवणं हे या धंद्यातलं माझं सगळ्यात अवघड काम होतं, वासानं जीव नुसता कासावीस झाला. जननी आपलं मराठी सगळं ऐकायची आणि तमिळमध्ये उत्तरं द्यायची, माझी भाचरं देतात तशीच. मला तुम्ही दोघी आवडायला लागला होतात, साईप्रिया. तपासणाऱ्या माणसाला ही चैन परवडत नाही, हे मला कळत होतं.

आपण लहानपणापासून काय शिकलो सांग. साडीच्या दुकानात आई भाव जास्त आहे म्हणून सांगते ते मराठीत. पाहुण्यांसमोर दूध संपलंय ते मराठीत. बसमध्ये शेजारच्या बाईबद्दल बोलायचं तेही मराठीत. बाहेर सगळं गाव तमिळ, म्हणून मराठी म्हणजे आपली आतली खोली. तिथं बोललेलं उंबऱ्याबाहेर जात नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तुझी सही तमिळमध्ये होती. मराठीत तू कसलीच सही केली नव्हतीस.

आणि मग शेवटच्या भेटीत, जननी बाहेर चित्र काढत असताना, तू म्हणालीस, "अक्का, एकदां मीं तिला स्टँडावर सोडून बसमध्यें चढलें. खरंच सोडून."

पापनाशमच्या स्टँडवर. शाळेतून दोघी थकून आलेल्या, तिचा रडून हट्ट चाललेला, वकिलाचा फोन नुकताच येऊन गेलेला. कुंभकोणमची बस आली आणि तू चढलीस. पुढच्या स्टॉपवर उतरलीस आणि कालव्याच्या रस्त्यानं चप्पल हातात घेऊन धावत परत आलीस. ती फुलवालीपाशी बसून बिस्किट खात होती. तिला काही कळलंही नव्हतं. सांगताना तू हसत होतीस आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हें आपल्यांतच असूं दे, अक्का," म्हणालीस. आणि मी मान हलवली.

ती मान मला त्या दिवसापासून जगू देत नाही. तमिळमध्ये कुणी हेच म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथं थांबवलं असतं. अहवाल लिहायला बसायचे आणि त्या जागी आले की उठून कपाट आवरायचे. आईला खटल्यातलं काही ठाऊक नाही, सोयऱ्यांकडून नुसतं तुझं नाव कानावर गेलेलं, तरी ती येता-जाता म्हणायची, आपली पोर आहे, तिचं वाटोळं करू नको. मलाही वाटलं, एवढं एक वाक्य गाळलं तर कोण विचारणार आहे? मग गेल्या वर्षी आलेली एक बाई आठवली. तिनंही तिच्या लेकराबद्दल असंच काही सांगितलं होतं, तमिळमध्ये, रडत. मी ते शांतपणे लिहून घेतलं होतं, पेनसुद्धा थांबलं नव्हतं. तुझं गाळायचं तर तिचं का लिहिलं? खूप राग आला तुझा, माझा, त्या फोनचासुद्धा.

म्हणून मी लिहिलं. तू चढलीस ते लिहिलं. उतरून धावत आलीस तेही लिहिलं. हा आजार नाही, एकटीनं सगळं ओढून दमलेल्या आईचा एक वाईट प्रसंग आहे, तिला मदत आणि झोप हवी आहे. जननीचा जीव तुझ्यात आहे आणि तिनं तुझ्याजवळच राहावं, सुट्टीत वडिलांकडे जावं, असं माझं मत लिहिलं. आणि शेवटी हेही लिहिलं की ही गोष्ट तू मला नात्यातली समजून सांगितलीस आणि मी तुला थांबवण्याऐवजी मान हलवली. त्यावरून कोर्टानं माझा अहवाल बाजूला ठेवला तर ठेवू दे. तूही दुसरा तज्ज्ञ माग, तुझा हक्क आहे. सतीशकुमारांचा वकील मात्र फक्त तू चढलीस तेवढंच वाक्य उचलेल. जननी जाऊही शकते, साईप्रिया. मी ते खोटं गोड करून सांगणार नाही.

तुला ही देवनागरी अक्षरं वाचता येत नाहीत, मला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण तुझ्यासमोर नुसतं बोलायला लागले तर मी रडेन आणि अर्धं गाळीन. अहवाल इंग्रजीत आहे. उद्या दुपारी तुझा वकील तो तुला तमिळमध्ये समजावेल, आणि तुला पहिल्यांदा कळेल की अक्कानं सांगून टाकलं. ते त्याच्या तोंडून कळू नये. म्हणून उद्या सकाळच्या बसनं मी पापनाशमला येते आहे, हे कागद घेऊन. दार उघडलंस तर आत बसून वाचीन. नाही उघडलंस तर तुझ्या तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, बसून मोठ्यानं वाचीन, आणि तू दाराआडून ऐक.

तुझीच,
वाणी अक्का