वास्त्याचं पातेलं

मंगळवार, सांजच्या प्रार्थनेनंतर

किळस येऊन राह्यली. जेवले नाई आज.

शाळेच्या दोन्ही अंगचे नाले भरले, तेव्हापासून आमची आश्रमशाळा बेटच झाली आहे. गाडी येत नाई, भाजी येत नाई. रोज भात अन् सडके आलू. ताटालेही तोच वास. म्हणून काल मी अन् सुमननं शाळेमागच्या बांबूतून वास्ते काढून आणले, चांगले कोवळे कोंब. बारीक कापले, कडूपणा जावा म्हणून रात्रभर पाण्यात भिजवले, घरी आई करते तसेच. सकाळी स्वयंपाकीणबाई फोडणी द्यायले तयारही झाली होती.

तेवढ्यात अधीक्षिकाबाई आल्या, नाकाला पदर लावून. "काय ही घाण! जंगलातून आल्यात, जंगलीच राहणार तुम्ही. फेकते मी हे."

पातेलं स्वतः उचलून नेलं. सुमन मागं मागं जात होती, "धुतले आहेत जी बाई, धुतले आहेत."

जंगली. दिवसभर तोच शब्द डोक्यात. खरंच आमच्या जेवणाचा वास येते का? दुपारी मी माझे हात साबणानं घासले. काऊन घासले मी?

आता प्रार्थनेच्या वेळी बाई रांगेतून फिरल्या. माझ्याजवळ थांबल्या, माझी हनुवटी धरून वर केली. "तोंड का पाडलंस गं?"

त्यांच्या बोटांना वास होता. वास्त्याच्या भाजीचा. वरून लसणाची फोडणी.