शिकागो किती लांब, अण्णा?

प्रिय अण्णा,

हैदराबादच्या विमानतळावर बसून लिहितेय. शेजारी आई आहे, नऊवारी नेसून, पायात माझे बूट घालून! तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. पहिल्यांदाच ती माझ्याकडे शिकागोला येतेय. मघाशी तिनं विचारलं, "किती येळ लागतो गं?" आणि तुम्हाला लिहावंसं वाटलं.

मी शिकायला निघाले तेव्हा तिनं हेच तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय? काका, मामा सगळे ओसरीवर बसलेले. पोरीला इतक्या लांब पाठवायचं नाही, हे जवळजवळ ठरलेलंच. तुम्ही माझं तिकीट पुढं केलंत. "हे बघा, सकाळी सुटतं अन् त्याच रात्री पोचतं. उमरग्याहून नागपूरची एसटी धरली तरी एवढाच येळ लागतो की!" सुटायची वेळ इथली, पोचायची तिथली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आई म्हणाली, "मंग जाऊ द्या तिला."

मला वाटलं, तुमचीही चूकच झाली. पण इथं विमानतळाच्या दाराशी निरोप देताना तुम्ही हळूच म्हणालात, "पुरा एक दिवस लागतो, ठाऊक हाय मला. तुझ्या आईला सांगू नको." काय हो अण्णा! जन्मभर हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवलात, आणि तेरा हजार किलोमीटर खुशाल नागपूरएवढे करून टाकलेत!

थोडा रागही आहे. स्वतःच्या दुखण्याचंही तुम्ही तसंच केलंत. "काय न्हाय, जरा दम लागतो." मी येऊन पोचले तेव्हा तुम्ही बोलत नव्हतात. निदान दुखण्याचं तरी खरं सांगायचं ना?

म्हणून आज मी आईला खरं सांगितलं. दोन विमानं, पुरा एक दिवस. वाटलं, चिडेल. ती हसायलाच लागली.

"लई लांब हाय, ते मला तवाच कळलं व्हतं. तुझे अण्णा झहिराबादलाच जेवत असायचे अन् फोनवर म्हणायचे, हुमनाबाद सोडलं, आलोच घरी. आमी समद्या डायवरच्या बायका तासभर थांबूनच तवा ठेवायचो."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"त्यांनी लई लांब हाय म्हणलं असतं, तर भावांसमोर मला न्हाय म्हणावं लागलं असतं. तुला जायचं व्हतं. त्यांनी जवळ केलं, म्या व्हय म्हणलं."

अण्णा, तुम्ही दोघांनी मिळून मला पाठवलंत, तेही एकमेकांना न सांगता! माझी नोकरी, माझं घर, सगळं त्या एका थापेवर उभं आहे. किती उपकार मानू? तुम्ही होतात तोवर एकदाही तोंडानं म्हटलं नाही.

आमच्या विमानाची घोषणा झाली. आई माझ्याआधी उठून उभी राहिलीय. पोचल्याचा फोन मी नेहमी तुम्हालाच करायची. या वेळी कुणाला करू? आई तर माझ्याजवळच आहे. तरी शब्द देते, उतरल्या उतरल्या तुमचाच नंबर लावीन आणि फोन आईच्या कानाला देईन. लागणार नाही, माहीत आहे. "पोचलो" एवढं ती म्हणेल.

तुमची,
मनीषा