विसावं नाव

दि. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दुकानातली घड्याळं वेळेवर चालत असतील. आमच्या शाळेची मात्र वेळ भरत आली आहे. एकोणीस मुलं उरली आहेत. महिनाअखेर वीस झाली नाहीत तर शाळेला कुलूप. साहेबांनी शाळेचा इतिहास लिहून पहिल्या रजिस्टरसह मागवला आहे. जुन्या शाळांचा थोडा वेगळा विचार होतो म्हणे.

म्हणून आपल्या आप्पांनी शाळा काढली तेव्हाचं, त्यांच्या हातचं रजिस्टर काढलं. तेव्हाही मान्यतेला वीसच मुलं लागत, आणि विसावं नाव माझं आहे! मी तेव्हा पाच महिन्यांची. आप्पांनी वय पाच वर्षं लावलं. पुढे सलग पाच वर्षं मी पहिलीतच. माझ्याएवढी ढ मुलगी या गावात झाली नसेल. कागदावर माझं वय जास्त आहे हे ठाऊक होतं, पण का, ते आज कळलं. त्यामुळेच मी त्रेपन्नाव्या वर्षी अठ्ठावन्नची म्हणून निवृत्त होणार.

हे इतिहासात लिहू की गाळू? त्यात शिंपीणबाई मागे लागली आहे, तिच्या तीन वर्षांच्या पोरीला सहाची लावा म्हणून. माझा जीव थाऱ्यावर नाही. वहिनींना नमस्कार सांग आणि या वेडीला सांभाळून घे.

तुझी,
बारकी

दि. ९ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचताना हातातला स्क्रू पडला, तो अजून सापडलेला नाही. मला सगळं ठाऊक होतं गं. तपासणीच्या दिवशी तू माझ्याच मांडीवर होतीस. तुझं नाव पुकारल्यावर मी चिमटा काढला, तू भोकाड पसरलंस, साहेब हसले आणि त्यांनी हजेरी मांडली. नवीन मूल आलं की हे नाव खोडू, असं आप्पा म्हणायचे. पुढे चाळीस मुलं झाली, पण खोडायचं तर खोटं कबूल करावं लागलं असतं. तेवढी त्यांची छाती झाली नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तेवढी गोष्ट गाळ आणि शिंपीणबाईची पोर लावून घे. आप्पांचं नाव राहील, शाळाही राहील. खरं बोलायची खाज तुला आप्पांकडून आलेली नाही, असं तुझी वहिनी म्हणते. तुझं उत्तर येईपर्यंत मला घास गोड लागायचा नाही.

तुझा,
दादा

दि. २ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. शिंपीणबाई पोरीला घेऊन आली होती. मी रजिस्टर उघडलं, पेनही उचललं. पोर टेबलाखाली बसून माझ्या चपला घालून बघत होती. माझी पाच वर्षं आप्पांनी शाळेला दिली, त्याचं मला दुःख नाही. पण हिची तीन वर्षं हिला न विचारता मी कशी देऊ? तीन वर्षांनी आण, असं सांगून बाईला परत पाठवलं. ती रडली. मग इतिहास लिहिला, विसाव्या नावासकट, आणि पाठवून दिला.

काल हुकूम आला. शाळा जूनपासून बंद. मुलांनी नदीपलीकडच्या शाळेत जायचं. आज नेहमीसारखी हजेरी घेतली. एकोणीसच्या एकोणीस आली होती.

दादा, माझं चुकलं का? बाकी काही लिहू नकोस, एवढंच लिही. आणि चुकलं असलं, तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
बारकी