दुसरा हँडसेट

६ जाने.
शालिनी सकाळी न्हाणीघराच्या दाराशी जमिनीवर बसलेली सापडली. पडली नसावी, भिंतीला धरून खाली बसली असावी. किती वेळ, ते माहीत नाही. मी मागच्या खोलीत बाजारभावाचा मजकूर करत होतो, तो अकराच्या आत पेपरला द्यावा लागतो. तिला हाक मारता येत नाही. ऑक्टोबरातल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्याकडे एकच शब्द उरला आहे, ‘बरं’. तोही पुटपुटल्यासारखा.

मुक्तापासून लपवायचं ठरवलं होतं. संध्याकाळी तिला व्हिडिओवर आईचा खरचटलेला कोपर दिसला.
“बाबा, मी आईला पुण्याला घेऊन जाते.”
म्हटलं, जरा थांब, काहीतरी सोय करतो.
“फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी येते. सोय झालेली दिसली तर ठीक.”
म्हणजे चार आठवडे. मुदतीत काम करायची सवय आहे.

७ जाने.
घंटा डिसेंबरातच आणून दिली होती. वाजवत नाही. दोनदा उशीखाली सारलेली सापडली. नोकराला बोलावल्यासारखं वाटत असेल तिला.
मोबाईल जमत नाही. उजवा हात चालत नाही आणि डाव्याचं बोट काचेवरून घसरतं. शा.पाशी सकाळी मंदाबाई असते, ती हसत होती. “परवा बाईंनी मलाच लावला. मी म्होरंच बसल्याली. दोघी फोनवर यकमेकीकडं बघत बसलो.”

मला हवं ते एवढंच. तिने एक बटण दाबावं, मागच्या खोलीत वाजावं आणि तिला माझा आवाज ऐकू यावा. ‘आलो’ एवढा तरी.
घरचा लँडलाईन अजून चालू आहे. तांब्याची तार गेली आणि तो फायबरच्या डब्यावर आला. त्याला कॉर्डलेस जोडता येईल, दोन हँडसेटचा. दोन्ही आपसात बोलतात.
इथे कोल्हारात कोणाकडे नाही. नगरला जावं लागेल.

९ जाने.
नगर. पहिल्या दुकानात, “काका, अजून लँडलाईन आहे तुमच्याकडे?” असं विचारून दुकानदाराने बायकोला बोलावून मला दाखवलं. दुसऱ्यात एकच हँडसेट, तोही धूळ खात पडलेला. तिसऱ्याने माळ्यावरून दोन खोके उतरवले.
एकाची बटणं ठळक, मोठी, पण आतल्या आत बोलायला तीनदा दाबावं लागतं. दुसऱ्याची बारीक, पण कडेच्या निळ्या बटणाने एका दाबात दुसरा वाजतो. पल्ला किती, भिंती किती चालतात, बॅटरी किती दिवस, हातातून पडला तर, ओल्या हाताने धरला तर, सगळं विचारलं.
दुकानदार म्हणाला, “मालक, एवढे प्रश्न मुलगी देतानासुद्धा विचारत नाहीत.”
मोठी बटणं की एकच दाब? अर्धा तास दोन्ही हातांत धरून उभा होतो. एकच दाब घेतला.
परतताना राहुरीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. खोका मांडीवर.

११ जाने.
सोळा तास चार्ज करा म्हणतात, अठरा केला. मुख्य डबा बाहेरच्या खोलीत आणि एक हँडसेट त्यावरच, कामाला बसताना तो मी मागे नेणार. दुसरा शा.च्या पलंगापाशी, त्याचा चार्जर वेगळा.
मंदाबाईच्या हातात एक देऊन दुसरा घेऊन अंगणात चालत गेलो. मागची खोली, छान. पेरूचं झाड, छान. फाटकापाशी थोडी खरखर.
“हॅलो, ऐकू येतंय का?”
“व्हय की. खिडकीतून दिसताय बी. फोन कशापायी, असंच बोला.”
शा. पलंगावरून आमच्याकडे पाहत होती. चेहऱ्यावर काही नाही.

१२ जाने.
दाबत नाही. मी करून दाखवलं, तिचं बोट धरून दाबून दाखवलं. मागे जाऊन थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शांत.
विसरत असेल. कागदाच्या पट्टीवर सूचना लिहून हँडसेटच्या पाठीवर चिकटवल्या. पाच ओळी झाल्या.

१३ जाने.
पाच ओळी फार होतात. पसरट मजकूर कोणीच वाचत नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवत आलो. दोन ओळींवर आणलं. तिने चष्मा लावून पाहिलं, ‘बरं’ म्हणाली. दाबलं नाही.

१४ जाने.
संक्रांत. मंदाबाईने तिळगूळ आणला. शा.ने डाव्या हाताने तिलाही दिला.
पट्टी बदलली. एक ओळ, मोठ्या अक्षरात. ‘बरं.’ दाबलं नाही.

१५ जाने.
तीन शब्द. ‘निळं बटण दाब.’ याहून कापणं शक्य नाही. अक्षर कोरून काढलं. तिने बराच वेळ पाहिलं, मान हलवली, हँडसेट मांडीवर ठेवला.
मला थोडा राग आला. दाखवला नाही.

१६ जाने.
मंदाबाईने हँडसेट पुसताना पट्टी निघाली, तिने ती परत चिकटवली. उलटी. मी गेलो तेव्हा शा. चष्मा लावून तीच पट्टी पाहत होती. तितकाच वेळ, तशीच मान हलवत. ‘बरं.’

मग मी ते केलं. करायला नको होतं, पण केलं. आजचा पेपर उलटा करून तिच्या हातात दिला.
तिने तो तसाच धरला. पान उलटलं. आतल्या पानावर थांबली, जिथे माझं सदर असतं.

तीन महिने रोज सकाळी ती पेपर धरून बसते. डॉक्टरांनी विचारलं होतं, वाचतात का? मी म्हणालो होतो, हो, रोज वाचते.

माझा एकही मजकूर तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नाही. शाळेतून आली की चहाच्या आधी तो वाचायची, पदराला हात पुसून, पेन्सिल घेऊन. ‘हे दोनदा आलंय.’ ‘हा माणूस कोण ते आधी सांगा.’
आणि मी तिच्यासाठी मजकूर कापत बसलो होतो. चार दिवस. मला वाटलं, अजून थोडा कमी केला की…

पेपर सरळ करून दिला. तोही तसाच धरला.

१७ जाने.
मुक्ताचा फोन. “सोय कुठपर्यंत आली?” म्हटलं, चालू आहे. वाचण्याचं बोललो नाही.

१८ जाने.
मंदाबाईला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. “मला तरी कुठं वाचता येतं, दादा? चाललंच न्हवं का माझं?”
मग हँडसेट उलटसुलट करून पाहिला. “वाचायचं कशाला? टिकली लावा की.”
कपाटाच्या आरशाच्या कडेला शा.च्या टिकल्यांची रांग आहे. रात्री काढून तिथे चिकटवायची, सकाळी तिथूनच घ्यायची. ऑक्टोबरपासून तशीच आहे, मी हात लावला नव्हता. मंदाबाईने त्यातली एक लाल नखाने उचलली आणि निळ्या बटणावर दाबून बसवली.
शा.ने आधी स्वतःच्या कपाळाला हात लावला. तिथे काही नाही असं पाहिलं. मग बोट टिकलीवर ठेवलं.
माझ्या हातातला वाजला. मी दारातच होतो, तरी उचलून कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास.
“शालिनी, आलो.”
“बरं.”
मंदाबाईने कपाळावर लावायलाही एक काढली. मीच लावली. जरा तिरकी बसली.

१९ जाने.
दहादा वाजला. पाणी. पडदा. उशी. पुढचे सात कशासाठी, कळलं नाही. मी गेलो की ती माझ्याकडे पाहते, मग खिडकीकडे.

२१ जाने.
पावणेअकराला वाजला. शेवटचा परिच्छेद चालू होता. “आत्ता नको गं,” म्हणालो आणि ठेवला. मोठ्याने बोललो नव्हतो.
नंतर संध्याकाळपर्यंत वाजला नाही. दोनदा जाऊन आलो. भिंतीकडे तोंड करून पडली होती.

२२ जाने.
सकाळी मीच इकडून तिचा वाजवला. मंदाबाईने तिच्या कानाला लावून दिला. काय बोलावं सुचेना, म्हणून समोरचा मजकूर वाचायला घेतला. घोडेगावच्या बाजारात गायींची आवक, म्हशींना मागणी. वाक्य संपलं की ‘बरं’. पुन्हा वाक्य, पुन्हा ‘बरं’.
चौथ्या की पाचव्या वाक्याला ‘बरं’ आलं नाही. थांबलो. वाक्य परत पाहिलं. ‘आवक’ हा शब्द दोनदा आला होता. एक काढला, पुन्हा वाचलं.
“बरं.”
योगायोग असेल. असू दे.

२५ जाने.
रोज वाचून दाखवतो. साडेदहाला. आज ती हँडसेट हातात धरून वाट पाहत होती, असं मंदाबाई सांगते. “सव्वाधापासनं धरून बसल्यात. सोडंनात.”
मुक्ताला कळवलं की सोय झाली. ठरल्याप्रमाणे २ तारखेच्या रविवारी ये आणि बघ.

२८ जाने.
लाईट नऊलाच गेली, दुरुस्तीसाठी. लॅपटॉप चार्ज होता, काम चालू ठेवलं. मंदाबाई किराणा आणायला गेली होती. म्हटलं, आज वाजत नाही, झोपली असेल. बरं वाटलं, खरं तर. सलग लिहिता आलं.
मंदाबाईच ओरडत आली. शा. पलंगावरच होती, सगळं ओलं झालं होतं, हँडसेट कानाला. अंगठा बटणावर दाबत होती, सोडत होती, दाबत होती. टिकली सुटून अंगठ्याला चिकटलेली.
“दादा, लाईट न्हाई तर मधला डबा कसा चालंल? आन् त्यो न्हाई चालला तर ह्यो कसा वाजंल?”
दुकानात इतकं विचारलं. हे विचारलं नव्हतं.
दोघांनी मिळून तिला स्वच्छ केलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. किती वेळ दाबत होती? मजकूर पन्नास मिनिटांत झाला होता. म्हणजे तितका वेळ तरी.

२९ जाने.
मुक्ताला सगळं सांगितलं. लाईटचं, आणि वाचता येत नाही तेही.
 “तुम्हाला कधी कळलं?”
“सोळाला.”
“आज एकोणतीस आहे, बाबा.”

३१ जाने.
इन्व्हर्टर बसवला. मुख्य बटण बंद करून तपासलं. डबा चालू, दोन्ही हँडसेट चालू. शा.ला दाबायला सांगितलं. दाबत नाही. नवी टिकली लावली. हँडसेट मात्र हातातून सोडत नाही.

२ फेब्रु.
मुक्ता दहाला आली. आईच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. जेवणानंतर विषय निघाला.
“इन्व्हर्टर आहे, फोन आहे, सगळं आहे. पण माणूस एकच आहे ना, बाबा.”
“मंदाबाई असते.”
“दोनपर्यंत. आणि तिकडे बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, घराजवळच. रोज नेता येईल. इथून कुठे नेणार?”

मग म्हणाली, आपण आईलाच विचारू. खाली बसून तिचे दोन्ही हात धरले. “आई, येतेस माझ्याकडे?”
मान हलवली. “बरं.”
मी विचारलं, “की इथेच राहायचं, शालिनी?”
तशीच मान हलवली. “बरं.”
मुक्ता उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.
‘ने’ असं मीच म्हणालो. हे लिहून ठेवतो, पुढे कोणाला दुसऱ्यावर ढकलता येऊ नये. मलाही.
“तुम्हीपण चला ना.”
“आठ दिवसांनी येतो. मजकुराची काहीतरी व्यवस्था लावून.”
मुक्ताने आईची बॅग ओढली आणि कपडे भरायला घेतले. ती जन्मली तेव्हाही मी मजकूर देऊन मग दवाखान्यात पोचलो होतो. शा.ने हे तिला कधीतरी हसत सांगितलं असणार.

३ फेब्रु.
आठ वाजता निघाल्या. शा.ला गाडीत बसवताना शाल नीट गुंडाळली. काच वर गेली. मंदाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “उद्यापासनं यऊ का नगं?” म्हटलं, ये.
दुपारी पलंगाजवळचा चार्जर रिकामा दिसला. दुसरा हँडसेट कुठेच नाही. गादीखाली, कपाटात, मंदाबाईने कपड्यांच्या बादलीतही पाहिलं. डब्यावरचं शोधायचं बटण दाबलं. माझाच तेवढा वाजला.

सहाला मुक्ताचा फोन. “बाबा, तो फोन आईकडे आहे. शालीत होता. शिरूरपर्यंत झोपली, तिथून बटणच दाबतेय. दाबते आणि कानाला लावते. घ्यायला गेले तर हात मागे घेते. काय सांगू तिला?”
“सांग, लाईट गेली आहे.”
तोंडातून निघून गेलं. मुक्ताने तसंच सांगितलेलं मला ऐकू आलं. आणि पलीकडून शा.चं ‘बरं’.

४ फेब्रु.
पुस्तिकेप्रमाणे बॅटरी चार दिवस टिकते. सारखं दाबत राहिलं तर दोन. पडदा उजळतो, ‘सर्चिंग’ येतं, विझतो. इथला डबा तिथून सापडणार नाही, हे तिला कोण सांगणार? आणि कसं?
मुक्ता म्हणते, “चार्जर पाठवूच नका. बंद पडला की आपोआप सोडेल.” थोड्या वेळाने तिचाच पुन्हा फोन. “नाहीतर पाठवा. मला बघवत नाही.”

पुण्याची गाडी साडेदहाला फाट्यावर येते. पार्सल कंडक्टरकडे देता येतं. पावणेदहा झाले. मजकुराची एक ओळही झालेली नाही. मंदाबाई दोनदा डोकावून गेली.
चार्जर कागदात गुंडाळून कापडी पिशवीत घातला. जागा उरली होती, म्हणून माझे दोन शर्ट घालून पाहिले.
मावतात.