तू बातमी वाचण्याआधी

प्रिय एसेन,

हे पत्र साबिर ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. आपल्याकडचे फोन सरकारनं बंद केलेत, सुरक्षेसाठी म्हणे. साबिरला आधी गरम काहीतरी खायला घाल, शहराच्या रस्त्यावरही बर्फ फार आहे. मग दार लावून एकटा वाच. सगळं क्रमानं सांगते. मधलं सोडून शेवटाकडे पळू नकोस.

यंदा थंडीनं हाडं फोडली. दवाखान्यात बाळंतिणी कोट घालून झोपत होत्या, शाळा बंद पडली. शरद ऋतूत कोळशाच्या वाघिणी आलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या होत्या, पण दवाखाना-शाळा तापवणाऱ्या बॉयलरपर्यंत कोळसा पोचलाच नाही. शेवटी शेजारच्या बुरुलायनं बायका गोळा केल्या. आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन जिल्हाप्रमुखाच्या कचेरीपुढे बसलो. तो बाहेर आला तर बुरुलाय म्हणते कशी, "साहेब, अख्ख्या गावात तुमच्याच धुराड्यातून धूर निघतोय. कोळसा शोधायला लांब कशाला जायचं?" काय हसले लोक! पुरुषही येऊन मागे उभे राहायला लागले. पुतळ्याखालचा चौक भरून गेला. तुझे बाबा मला म्हणाले, "आता हा माणूस घाबरलाय बघ."

घाबरला होताच. म्हणून मग त्यानं आम्हाला घाबरवलं.

त्याच आठवड्यात तू टीव्हीच्या पडद्यावर बातम्या वाचायला आलास. तू आलास की बाबा नेहमी पांढरी टोपी घालून ताठ बसायचे, जणू तू त्यांना बघतोयस. तू वाचलंस: खिंडीपलीकडून हत्यारबंद लोक उतरलेत, नागरिकांनी जमाव करू नये, अनोळखी माणसावर नजर ठेवावी. बाबा म्हणाले, "अगं, खिंडीत कमरेएवढा बर्फ आहे. उतरले कसे, उडत?" पण घराघरांत तुझाच आवाज. आपला एसेन खोटं कशाला सांगेल, असं लोक म्हणाले. मीही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौक ओस. काल ओरडणारे पुरुष शिकारीच्या बंदुका घेऊन पुलावर पहाऱ्याला. जिल्हाप्रमुख फौजी जाकीट घालून पाठी थोपटत फिरतोय. ज्या बायकांच्या हातात बादल्या होत्या, त्या पहारेकऱ्यांसाठी कणकेचे बोर्सोक तळतायत. बुरुलायनं पुन्हा कोळशाचं नाव काढलं, तर तिचाच दीर खेकसला, "शत्रू दारात आलाय आणि तुला शेगडी सुचतेय? कुणाचे पैसे खाल्लेयस?" ती रिकामी बादली उचलून घरी निघून गेली. तिला अशी माघार घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरात जळण संपलं होतं. वरच्या गोठ्यात गोवऱ्यांची रास आहे, ती आणायला बाबा घोडा घेऊन निघाले. मी म्हटलं, जाऊ नका. म्हणाले, "ज्यांच्या गाईगुरांना मी जन्मभर औषध पाजलं, ते मला ओळखणार नाहीत होय?" सकाळी धुक्यातून परतताना ते पुलाजवळ आले. कुणीतरी ओरडलं, "आले रे!" आणि गोळी सुटली.

गोळी मुकाशनं झाडली, बुरुलायच्या नवऱ्यानं. जवळ जाऊन टोपी पाहिली तेव्हा कळलं त्याला. तो स्वतःच माझ्या दारात आला आणि जमिनीवर बसला. "वहिनी, मीच. मला दिसलं नाही काही. मला फक्त ते लोक दिसत होते." आपल्या रीतीनं, बापाला ठेवलेल्या तंबूबाहेर काठीवर रेलून हंबरडा फोडायला मुलगा लागतो. तेव्हा रस्ता अडवलेला, तुला निरोप धाडता येईना; तो आज कुठे उघडलाय. तुझ्या जागी मुकाश उभा राहिला. लोकांना वाटलं मी त्याला हाकलून देईन. मी नाही हाकललं. त्याच्याइतकं कुणीच रडलं नाही.

माती दिली त्याच संध्याकाळी आपल्या दारात कोळशाचा ट्रक आला. मागोमाग जिल्हाप्रमुख. म्हणाला, "आई, तुमचे यजमान शत्रूच्या गोळीनं गेले. हुतात्मा आहेत ते. मुकाशनं शर्थीनं पूल राखला, त्याला पदक देतोय. तुम्ही कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोला." मी म्हटलं, "ट्रक दवाखान्यात ने." तो हसला. त्याला वाटलं, मी कबूल झाले.

उद्या तुमच्याच वाहिनीचा कॅमेरा येतोय. मी खरं तेच सांगणार, आणि मुकाशही माझ्या शेजारी उभा राहून सांगणार आहे. त्याला तुरुंगात जायचंय. पदक नको म्हणतो. आमचं बोलणं ते कापून टाकतील, एवढं मला समजतं. मग तुझ्यासमोर बातमीचा कागद येईल आणि त्यावर तुझ्या बापाचं नाव असेल. बाबा गेल्याचं तुला त्या कागदावरून, सगळ्या देशासमोर कळू नये, म्हणून हे पत्र. ती बातमी वाच किंवा वाचू नकोस, मी तुला काही सांगणार नाही. पण वाचलंस तर मी टीव्ही बंद करणार नाही, एसेन. शेवटच्या शब्दापर्यंत तुझ्याकडे बघत बसेन.

तुझीच,
आई