आधी पट्टी, मग पाणी

आई, परवाच्या रविवारी मी तीनदा मेले, आणि तिन्ही वेळा पाण्यापायी. घाबरू नकोस, खेळात मेले. तुझी नात पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, जाताना तिचा जुना लॅपटॉप माझ्या गळ्यात मारून गेली आणि त्यावर एक खेळ टाकून गेली. तू तिला पाहिलं नाहीस, तू गेल्यावर सहा वर्षांनी झाली ती. नाक तुझं आहे, आणि तोंड कुणाचं आहे ते मी सांगायला नको. फोनवर माझ्याशी दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. जेवलीस का, जेवले, झोप होते का, होते, संपलं. पण खेळायला बसलो की तास तास बोलते. म्हणून या पंचेचाळिसाव्या वर्षी, आठवडाभर शाळेच्या ऑफिसात दाखले लिहून झाल्यावर, मी रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून बसते. ऑफिसातल्या बायका हसतात. हसू देत की.

खेळ असा आहे बघ. कसलंतरी मोठं संकट येऊन गेलेलं असतं. नेमकं काय आलं ते कुणी धड सांगत नाही. गावंच्या गावं ओस पडलेली, घरांची दारं उघडी, मोटारी रस्त्यात तशाच सोडलेल्या. थोडी माणसं वाचलेली आणि त्यातली निम्मी पिसाळलेली, जरा आवाज झाला की अंगावर धावून येतात. आपण नेसत्या कपड्यानिशी तिथे जागे होतो आणि जगायचं. बास, एवढंच. जिंकणं असं नाहीच त्यात. मी विचारलं, मग हे संपतं कधी? ती म्हणाली, मेलं की संपतं, मग पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, बरंय, पुन्हा पहिल्यापासून तरी आहे.

पहिल्या दिवशी मी रस्त्याच्या मधोमध धावत सुटले आणि चौथ्या मिनिटाला खलास. लेक इतकी हसली की तिची रूममेट बघायला आली. मग तिने मला मोबाइलवर नियम लिहून पाठवले, नवशिक्यांसाठी म्हणून. पळायचं नाही, वाकून सावकाश चालायचं. घरात शिरण्याआधी खिडकीतून बघायचं आणि मागचं दार कुठे आहे ते हेरून ठेवायचं. मोठ्या घराचा मोह धरायचा नाही, एक दार असलेली लहान खोली बरी. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. टिकेल तेच अन्न उचलायचं. दुसरं हत्यार हातात आल्याशिवाय पहिलं टाकायचं नाही. आणि लढायला तर जायचंच नाही, तू नवीन आहेस, गप लपून बस. मी वाचत गेले आणि मला हसू यायला लागलं. तिला म्हटलं, अगं, यातलं निम्मं तर तुझ्या आजीनं मला कधीच शिकवलंय. तिला वाटलं मी थापा मारते.

पण खरंच की. टिकेल ते अन्न म्हणजे काय, ते तुझ्याइतकं कुणाला कळत होतं? तुझ्या कडक भाकऱ्या महिना महिना डब्यात राहायच्या, नुसती शेंगाचटणी आणि दही घेतलं की जेवण. तव्यावरून उतरवलेली भाकरी तू चुलीच्या कडेला उभी करून शेकत ठेवायचीस आणि आम्ही शेजारून गेलो तरी ओरडायचीस. आणि ते हत्याराचं कलम तर तुझंच आहे, शब्द तेवढे वेगळे. मी बारा वर्षांची असेन. आपल्याकडे नळ चौथ्या-पाचव्या दिवशी यायचा, आताही तसाच येतो, त्यात काही बदल नाही. नळाच्या दिवशी उरलेलं शिळं पाणी ओतून भांडी घासायची आणि ताजं भरायचं, ही घराघरातली रीत. मी हुशारी करून, नळ यायच्या आधीच सगळं पिंप अंगणात ओतून धुऊन पालथं घातलं. आणि त्या दिवशी कुठेतरी पाइप फुटला, नळ आलाच नाही. तू मारलं नाहीस. माझ्या हातात रिकामा हंडा दिलास आणि मागच्या गल्लीत ओळखीच्यांच्या दारात नेऊन उभं केलंस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू म्हणालीस, “मी न्हाय मागणार. तू वतलंस, तू माग.” मी रडत रडत पाणी मागितलं. परत येताना तुझा आवाज मऊ झाला होता. “नव्याचं तोंड बघितल्याबिगर जुनं वतू नये, बाय.” अजूनही पाणी ओतताना माझा हात थबकतो.

आता या खेळात एक भानगड अशी आहे की प्रत्येक गोष्टीला वजन असतं. झेपेल तेवढंच उचलायचं. जास्त घेतलं की चाल मंदावते, धाप लागते, आणि मागचा येऊन गाठतो. लेकीने हा नियम तीनदा लिहिलाय. पण मला जमत नाही, आई. विहीर दिसली की मी भरत सुटते. बाटल्या, डबे, सापडेल ते. लेक ओरडते, दोन बाटल्या पुरे, पुढे नदी आहे. मला पुढच्या नदीवर भरवसा नाही. सोलापुरात वाढलेल्या बाईला कुणी सांगावं की पुढे पाणी आहे, घेऊ नकोस? मी सगळं लादून गाढवासारखी चालते आणि मरते. दोन वेळा अशीच मेले.

तिसऱ्यांदा मेले ते सांगायला हे पत्र लिहायला बसले आहे. एका पडक्या शेतघराशी हातपंप होता. तिथे येताना माझ्या दंडाला कुणीतरी चावा घेतला होता आणि पडद्याच्या कडा लाल व्हायला लागल्या होत्या. लेकीचा सगळ्यांत मोठा नियम तोच आहे, रक्त वाहत असेल तर बाकी सगळं सोडायचं, आधी पट्टी, मग पाणी. ती कानात सांगत होती, आई, रक्त जातंय तुझं, पट्टी बांध. पट्टी माझ्याजवळ होती. मी पंपावर बाटली लावली होती. मी म्हटलं, “थांब गं, एवढं भरून होऊ दे.” आणि पडदा काळा झाला. ती खो खो हसत सुटली. म्हणाली, “आई, तू पण ना. पाण्यापायी कोण मरतं का?”

मी नेट गेलं म्हणून सांगितलं आणि लॅपटॉप मिटला. स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. यांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, उकडतंय.

एप्रिल होता. तुला आठवत असेल, नसेल. अण्णा सकाळच्या पाळीला कारखान्यात गेले होते. दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून रात्रीपासूनच आपण दोघी नळाची वाट बघत होतो, घर धुवायचं होतं, मला डोक्यावरून अंघोळ करायची होती. आपला नळ अंगणातल्या खड्ड्यात. प्रेशर नसायचं, खड्ड्यात उतरून, वाकून तांब्यातांब्यानं कळशी भरायची आणि वर द्यायची. ते काम एरवी माझं. त्या दिवशी तू म्हणालीस, तू वरच थांब, हातापायाला चिखल नगं, उद्या पाव्हणं येणार. दहाच्या सुमारास नळ आला. तू उतरण्याआधी पायरीवर बसलीस. तुझ्या कपाळावर घाम होता, पण घाम सगळ्यांच्याच कपाळावर होता. तू डाव्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, “छातीवर पाटा ठिवल्यावानी वाटतंय गं. डाक्टरकडं जाऊन येऊ का?”

तू. जिने मला जन्म देऊन चौथ्या दिवशी भाकरी थापली, जी तापात आल्याचा काढा पिऊन कामाला लागायची, त्या तुला आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर आठवला होता. मला तेवढ्यावरून कळायला पाहिजे होतं. मी वीस वर्षांची होते, लहान नव्हते. मी खड्ड्यातल्या धारेकडे बघितलं. आपण दोघी गेलो तर भरणार कोण, आता गेला की पाच दिवस नाही, आणि उद्या पाहुणे. मी म्हणाले, “आई, नळ जाऊ दे की. एवढं भरून होऊ दे, मग रिक्षा करून जाऊ.”

तू वाद घातला नाहीस. घातला असतास तर बरं झालं असतं. “व्हय, तेबी खरंच,” म्हणालीस आणि पदर खोचून खड्ड्यात उतरलीस. आणि मी तुला उतरू दिलं. मी म्हणू शकले असते की तू बस, मी भरते. उद्यासाठी मी रात्री हाताला मेंदी लावली होती, तिचा रंग पाण्यात उतरला असता. दोन तास तू वाकून कळशा भरल्यास. मी आत नेऊन ओतल्या. पिंप भरलं, टाकी भरली, हंडे, बादल्या, पातेली, शेवटी कुकरसुद्धा भरला. मधेच तू दोनदा थांबलीस, भिंतीला टेकलीस, मी वरून म्हणाले, आई, धार बारीक व्हायला लागली, आटप. हे वाक्य मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आज तुला सांगते, पण तू तर ऐकलेलंच आहेस.

नळ गेला तशी तू वर आलीस आणि म्हणालीस, आता चल. रिक्षात तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तुझं अंग गार पडत चाललं होतं आणि मला वाटत होतं पाण्यात उभी राहिलीस म्हणून गार आहे. चौकातल्या सिग्नलला तू डोळे उघडून विचारलंस, “टाकीवर झाकण ठिवलंस का?” मी हो म्हणाले. त्यानंतर तू काही बोलली नाहीस. दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, त्याने तुझी नाडी धरली, मग माझ्याकडे बघून विचारलं, कधीपासून दुखत होतं यांना? मी सांगितलं, आत्ताच, येताना सुरू झालं.

तेच मी अण्णांना सांगितलं. ते मरेपर्यंत म्हणायचे, अचानक गेली बिचारी, त्रास झाला नाही तिला. मी मान हलवायची. यांनाही तेच सांगितलंय, लेकीलाही तेच. तिच्या शाळेत आजीवर निबंध लिहायला सांगितला होता, तेव्हा तिने लिहिलं होतं, माझी आजी अचानक देवाघरी गेली. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या.

सोमवारी लेकीचा मेसेज आला, रविवारी पुन्हा खेळू, आधी नियम पाठ कर. मी लिहायला घेतलं होतं, की बाळा, पाण्यापायी माणसं मरतात, आपल्या घरात मेलंय. लिहिलं आणि पुसलं. ती पोरगी परगावी एकटी राहते, तिला कधी छातीत दुखलं, ताप आला, तर तिने पहिल्या मिनिटाला दार उघडून दवाखाना गाठावा म्हणून तरी हे तिला सांगायला हवं, हे मला कळतं. पण मग ती विचारणार, तू कुठे होतीस? तुला पाठवता येत नाही आणि तिला पाठवायची छाती नाही, असं हे पत्र आहे. शाळेतल्या जुन्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलंय, फाडायला सोपे.

त्यात एक राहिलंय, तेवढं लिहिते. करमाळ्याकडचे तुझे भाऊ येईपर्यंत तुला रात्रभर घरात ठेवलं. सकाळी मावशीने आणि मी तुला अंघोळ घातली, त्याच पिंपातल्या पाण्यानं. ज्यांना बघायला म्हणून बोलावलं होतं ते पाहुणेही आले, मातीला आले. तुला नेल्यावर घरात चाळीसएक बायका होत्या, सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, घर धुतलं, प्यायलाही पाणी पुरलं, तरीही टाकी अर्धी शिल्लक. माझ्या आजच्या सासूबाई दारात केस पिळत शेजारणीला हळू आवाजात म्हणाल्या, “एवढी माणसं आली, पण पाणी कमी पडलं न्हाई. पोरगी घर राखणारी हाय.” मी आत उभी राहून ऐकलं. तुला नेऊन तीन तासही झाले नव्हते. आई, मला ते ऐकून बरं वाटलं होतं.