काकांच्या पिस्तुलाचं बोलायचं नाही म्हणे

स्टेट कॉलेज, २००६

प्रिय प्रभाकरकाका,

तुमच्या डब्याचं झाकण निघत नाही, ही माझी जाहीर तक्रार आहे. सकाळपासून गरम पाणी झालं, चमचा झाला, शेजारच्या पीएचडीवाल्याचे दंडही झाले. माणसाने जाताना मागे असा हट्टी डबा ठेवावा, हे बरं दिसतं का?

पण लिहायला बसले ती झाकणासाठी नाही. उद्या इथल्या मराठी मंडळात तुमची शोकसभा आहे. मघाशी अध्यक्षबाईंचा फोन आला. "वसुधा, तू बोल, पण त्या पिस्तुलाचं नको हं. मुलं असतात. काका किती शांत होते, तेवढंच सांग."

शांत! तुम्ही? पत्त्यांत हरलात की हॉलचं छप्पर उडायचं!

तुम्ही पिस्तुलाचा परवाना काढलात, तेव्हा दिवाळी अंकात मीच लेख लिहिला होता. काका पिस्तूल घेऊन भाजीला जातात, भेंडी मुकाट्याने पिशवीत येते, वगैरे. सगळे हसले. तुम्ही याच डब्यातून चिवडा पाठवलात, वर चिठ्ठी: "लेख उत्तम. पिस्तूल काळं आहे, तू चंदेरी लिहिलंस."

आणि मग किराणा दुकानातली ती दुपार. दुकानाच्या मालकीणबाई, आपल्या भाभी, त्यांच्या गळ्याला सुरी लावून गल्ला लुटायला आलेला एक पोरगा उभा. मी, मंडळाची धारदार लेखणी, तांदळाच्या पोत्यांमागे डोकं खाली घालून. आणि तुम्ही डाळींच्या फळीशी. एका हातात तूरडाळीची पिशवी, दुसऱ्यात पिस्तूल. "पुट इट डाउन, सन." इतक्या हळू, की जणू पाहुण्याला चपला बाहेर काढायला सांगताय. त्याने सुरी टाकली. एकही गोळी सुटली नाही. पोलीस येईपर्यंत तुम्ही डाळसुद्धा खाली ठेवली नाहीत.

भाभी वाचल्या. तुम्हाला मात्र जेवणाची बोलावणी यायची थांबली. "घरात मुलं असतात ना..." भाभींनाही दोन मुलं आहेत, काका. ती बरी कुणाला आठवली नाहीत!

शेवटचे भेटलात तेव्हा विचारलंत, "वसुधा, मी चुकलो का गं? माझ्या नातवाएवढा होता तो. हात थरथरत होता माझा."

आणि मी? "भेंडीला विचारा," म्हटलं. तुम्ही हसलात. हसून झाल्यावरही उत्तरासाठी थांबला होतात. ते मला दिसलं होतं.

बंदूक मला आजही आवडत नाही. तो हात जरा जास्त थरथरला असता तर, हा विचार पाठ सोडत नाही. पण त्या दुपारी हात पुढे केला तो तुम्हीच.

तेव्हा उद्या मी पिस्तुलाचंच बोलणार. काळ्या पिस्तुलाचं. पोत्यांमागच्या लेखणीचंही. माइक बंद केला तर माझा आवाज आहेच! आणि काकूंसमोर, अख्ख्या मंडळासमोर सांगणार: तुम्ही चुकला नव्हतात.

डबा रिकामा परत करायचा नाही आणि मला काही धड करता येत नाही, म्हणून तो वर्षभर माझ्याकडे राहिला. आत्ता निघालं झाकण. चिवडा केलाय. शेंगदाणे जरा करपलेत. काकूंना नेऊन देते.

तुमची,
वसुधा